डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट नक्की चालतो कसा? आणि नाव पुकारलं म्हणजे टीममध्ये जागा पक्की का?

मनू_कार्मेल
नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे उसंत देत नाहीत म्हणून जरा वेगळा विषय काढतेय, डब्ल्यूएनबीए म्हणजे अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आणि तिचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी पाळीपाळीने नव्या मुली निवडायच्या तो कार्यक्रम. जाणकारांनी प्लीज लिहा. परवा रविवारी, २३ नोव्हेंबर २०२५ ला, २०२६ ची ड्राफ्ट लॉटरी झाली आणि पहिला नंबर परत डॅलस विंग्जला लागला, सलग दुसऱ्या वर्षी. आम्ही इंडियानापोलिसच्या जवळ राहतो, केटलिन क्लार्क ही स्टार खेळाडू आल्यापासून इथे ग्रोसरीच्या लायनीतसुद्धा इथल्या टीमचे, इंडियाना फीव्हरचे, टीशर्ट दिसतात आणि आमची आठवीतली कन्या तर दिवसरात्र त्याच नादात आहे. तिने लॉटरी बघताना विचारलं की आई मला मोठं झाल्यावर फीव्हरकडूनच खेळायचं असेल तर फॉर्म कुठे भरायचा, आणि मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा फोनमध्ये. मला एवढंच कळलंय की मुलीला टीम निवडता येत नाही, टीम मुलीला निवडते. पण कोण उभं राहू शकतं, क्रम कोण ठरवतं, टीम नाही आवडली तर काय, पैसे किती, आणि लॉटरी कसली, हे सगळं कोणीतरी मराठीत नीट सांगा.

तिसरा_क्वार्टर
वा, शेवटी कोणीतरी काढला धागा. सुरुवातीपासून सांगतो, लांबेल.

ड्राफ्ट एप्रिलमध्ये होतो, तीन फेऱ्या. प्रत्येक टीमला प्रत्येक फेरीत एक नंबर (निवडायची पाळी), म्हणजे १२ टीम होत्या तोवर ३६ मुली. लीग १९९७ ला ८ टीमवर सुरू झाली, तेव्हा चार फेऱ्या असायच्या, २००३ पासून तीन. पहिल्या ड्राफ्टची पहिली मुलगी म्हणजे टीना थॉम्पसन, ह्यूस्टन कॉमेट्स, आणि त्या ह्यूस्टनने पुढे पहिल्या चारही चॅम्पियनशिप उचलल्या.

कोण उभं राहू शकतं: अमेरिकेतली मुलगी असेल तर ड्राफ्टच्या त्या कॅलेंडर वर्षात २२ वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत, किंवा कॉलेज झालेलं पाहिजे, किंवा हायस्कूल संपून ४ वर्षं झालेली पाहिजेत. पुरुषांच्या एनबीएसारखं एक वर्ष कॉलेज केलं न् पळाले असं इथे नाही. बाहेरच्या देशातली, अमेरिकन कॉलेजात न खेळलेली मुलगी असेल तर त्या वर्षात २० पूर्ण व्हायला हवीत. म्हणून २०२५ ला सिएटलने दोन नंबरला घेतलेली फ्रान्सची डोमिनिक मलोंगा ड्राफ्टच्या दिवशी १९ ची होती, नोव्हेंबरात २० ची झाली, चाललं.

फॉर्म वगैरे कन्येला लागणार नाही, चार वर्षं कॉलेज पूर्ण झालं की आपोआप पात्र. फॉर्म भरावा लागतो तो लवकर बाहेर पडायचं असेल तर.

खडूस_काकू
म्हणजे आपली इंजिनियरिंगची कॅप राउंडच की, फक्त इथे ऑप्शन फॉर्म कॉलेज भरतंय आणि विद्यार्थिनी गप बसून अलॉटमेंट बघतेय. आणि बेटरमेंट पण नाही. छान आहे, पॉपकॉर्न घेऊन बसले.

तिसरा_क्वार्टर
काकू अगदी 😄 आता लॉटरी. कल्पना अशी की शेवटी राहिलेल्या टीमला आधी निवडू द्यायचं म्हणजे लीग बरोबरीची राहते. पण मग काय होतं, सीझन वाया गेला की टीम मुद्दाम हरायला लागते कारण जितके खाली तितका नंबर वर. म्हणून सरळ क्रम न देता लॉटरी. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, ८ टीम जातात, ज्या राहिल्या त्या लॉटरीत. २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत अशा चार असायच्या, २०२५ ला गोल्डन स्टेट ही नवी टीम आल्यामुळे १३ झाल्या म्हणून परवा पाच होत्या.

मशीनमध्ये १ ते १४ नंबरचे बॉल टाकतात, पिंगपाँगचेच. चार काढतात. १४ मधून ४ म्हणजे चार-चार नंबरांच्या १००१ जोड्या होतात, त्यातली ११-१२-१३-१४ ही बाद धरतात, उरल्या १०००. त्या १००० टीमांमध्ये आधीच वाटलेल्या असतात, चार टीमच्या काळात सगळ्यात वाईट टीमला ४४२, पुढच्यांना २७६, १७८ आणि १०४. फक्त पहिले दोन नंबर असे काढतात, बाकीचे रेकॉर्डप्रमाणे. म्हणजे सगळ्यात खालच्या टीमचं नशीब कितीही फुटकं असलं तरी ती तीनच्या खाली जात नाही.

आणि यातली खरी मेख म्हणजे वाईट कोण हे एका सीझनवरून नाही, दोन सीझनचं एकत्र रेकॉर्ड घेऊन ठरतं. एक वर्ष मुद्दाम हरून फारसं काही हाती लागत नाही, दोन वर्षं हरावं लागतं आणि तोवर कोचची नोकरी गेलेली असते. मला विचाराल तर एनबीएने हे उचलायला हवं.

गंपूशेठ
दोन वर्षांचा नियम असून डॅलसला सलग दोनदा, इंडियानाला सलग दोनदा (२०२३ ला अलिया बॉस्टन, २०२४ ला क्लार्क). सेटिंग सेटिंग म्हणतात ते हेच 😎

तिसरा_क्वार्टर
शेठ उलट दोन वर्षांच्या नियमामुळेच तसं होतं ना. यंदाचं वाईट रेकॉर्ड पुढच्या वर्षीपण मोजलं जातं त्यामुळे तीच टीम दोन्ही वर्षं वरच्या शक्यतेत असते. त्यात षड्यंत्र कसलं. बॉस्टन आणि क्लार्क दोघी रूकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाच्या मुलींतली सर्वोत्तम) झाल्या हे मात्र इंडियानाचं नशीब.

कृष्णाकाठ_सांगली
मला ही ड्राफ्ट सिस्टीमच पटत नाही. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ ला मुंबईत डब्ल्यूपीएलच्या पहिल्याच लिलावात आरसीबीने ३ कोटी ४० लाखाला घेतलं. टीम तिनेपण निवडली नाही, पण एकाहून जास्त टीम हात वर करत होत्या म्हणून भाव चढला ना. ड्राफ्टमध्ये क्लार्कसारखी पोरगी, जिच्या नावावर स्टेडियम भरतात, तिला एकच टीम बोली लावणार आणि बोलीचा आकडा आधीच छापलेला. हा कुठला न्याय. क्लार्कला किती मिळाले ते सांगा बरं.

जर्सीकर_जग्गू
२०२४ चं सांगतो. पहिल्या चार नंबरना वर्षाचे ७६,५३५ डॉलर, पाच ते आठला ७३,४३९, नऊ ते बाराला ७०,३४४, दुसऱ्या फेरीला ६७,२४९ आणि तिसऱ्या फेरीला ६४,१५४. घासाघीस नाही. क्लार्कचा चार वर्षांचा सगळा करार ३,३८,०५६ डॉलर, तेव्हाच्या भावाने २ कोटी ८० लाखाच्या आसपास. म्हणजे स्मृतीला तीन-साडेतीन आठवड्यांच्या एका सीझनचे जेवढे मिळाले तेवढे क्लार्कला चार वर्षांत नाहीत 🙂 अर्थात नाइकी वगैरेंचे वेगळे, ते या आकड्याच्या कितीतरी पट.

पण याला ड्राफ्ट जबाबदार नाही हो, टीमची सॅलरी कॅपच (पगारांवर खर्चायची कमाल मर्यादा) २०२४ ला साधारण १४ लाख ६३ हजार डॉलर होती, सगळ्या ११-१२ जणींत मिळून. लिलाव केला असता तरी एवढ्याच पैशांत. हे जुन्या कराराचे आकडे आहेत, खेळाडूंच्या युनियनने तो करार मुदतीआधी मोडीत काढायचा निर्णय २०२४ मध्येच घेतला, मग नव्याची बोलणी सुरू झाली.

कृष्णाकाठ_सांगली
कॅप एवढीच असली तरी लिलावात क्लार्कला त्यातले जास्त मिळाले असते. मुद्दा तोच आहे.

जर्सीकर_जग्गू
आणि बाकीच्या अकरा जणींना कमी. बरोबर की नाही हे तुम्हीच ठरवा. शिवाय रूकी करार तीन वर्षांचा, चौथं वर्ष घ्यायचं की नाही हे टीमच्या हातात. मुलीच्या हातात चार वर्षं काही नाही हे मान्य, तिथे माझं तुम्हाला अनुमोदन.

नवी_पेठ
मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेला प्रसंग सांगते. २०२४ चा ड्राफ्ट ब्रुकलिनला होता, १५ एप्रिल, त्या वर्षी प्रेक्षकांना आत घेतलं होतं. ज्यांचं नाव वर येणार असं लीगला वाटतं त्यांना बोलावून समोर टेबलांवर बसवतात, घरचे बरोबर, डिझायनर कपडे, नाव पुकारलं की स्टेजवर जाऊन टीमची जर्सी हातात धरून फोटो. क्लार्कच्याच आयोवा कॉलेजची केट मार्टिन त्या यादीत नव्हती. ती क्लार्कची मैत्रीण म्हणून आली होती, मागे प्रेक्षकांत बसली होती बाकीच्या आयोवाच्या मुलींबरोबर. आणि १८ व्या नंबरला लास व्हेगासने तिचंच नाव घेतलं! ती प्रेक्षकांतून उठून आली, वाटेत मैत्रिणी मिठ्या मारतायत, कॅमेरावाल्यांची पळापळ, कारण त्यांनी तिची खुर्चीच धरलेली नव्हती. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. त्या ड्राफ्टला टीव्हीवर साडेचोवीस लाख प्रेक्षक होते, आधीचा विक्रम २००४ चा, डायना टॉरासीच्या वेळचा, जेमतेम सहा लाख.

बोस्टनचा_बाळ्या
छान लिहिलंय ताई पण आता मी जरा पाणी ओततो. धाग्याच्या नावातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये. नाव पुकारलं म्हणजे जागा पक्की का? नाही. अजिबात नाही.

गणित करा. २०२४ ला १२ टीम गुणिले जास्तीत जास्त १२ जागा म्हणजे १४४, आणि कॅपमध्ये बसत नाही म्हणून कित्येक टीम ११ वरच थांबायच्या. या जागा रिकाम्या नसतात, त्यावर आधीच्या बायका बसलेल्या असतात, तिशीतल्या, पस्तिशीतल्या, ऑलिंपिक खेळून आलेल्या. दर वर्षी ३६ नव्या येणार म्हणजे कोणाला तरी जावं लागणार, आणि जातात त्या बहुतेक नव्याच.

२०२४ च्या तारखा बघा. ७ एप्रिलला कॉलेजची फायनल. १५ ला ड्राफ्ट. २८ ला ट्रेनिंग कॅम्प सुरू. १४ मे ला सीझनचा पहिला सामना. म्हणजे फायनल खेळलेल्या मुलीला ३७ दिवसांत कॉलेजची परीक्षा, सामान बांधणं, नवं शहर, नव्या टीमचे सगळे प्ले पाठ, आणि या सगळ्यात दोन-अडीच आठवड्यांच्या कॅम्पमध्ये दाखवायचं की मी त्या दहा वर्षं खेळलेल्या बाईपेक्षा बरी आहे. रूकीचा पगार साधारणपणे गॅरंटीड नसतो, कॅम्पमध्ये कट झाली, म्हणजे टीममधून वगळली, की विषय संपला. तिसऱ्या फेरीतल्या बहुतेकींचं हेच होतं, दुसऱ्या फेरीतल्या बऱ्याच जणींचं आणि कधीकधी पहिल्या फेरीतल्यांचंसुद्धा. ड्राफ्टच्या रात्रीचे फोटो सगळ्यांकडे असतात, मे महिन्यातली कटची बातमी कोणी वाचत नाही.

आणि पहिला नंबर म्हणजे तरी काय? डॅलसकडे २०२१ ला १, २, ५ आणि १३ असे चार नंबर होते. एकाच टीमने पहिला आणि दुसरा दोन्ही घेतल्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या नंबरची चार्ली कॉलियर दोन सीझन खेळली, २०२३ चा सीझन सुरू व्हायच्या आधी तिला सोडून दिलं. पाचव्या नंबरची चेल्सी डंजी एका सीझननंतर गेली. तेराव्या नंबरची डेना इव्हान्स त्यांनी त्याच सीझनमध्ये शिकागोला ट्रेड केली (अदलाबदलीत दिली), आणि ती त्याच वर्षी शिकागोबरोबर चॅम्पियन झाली. डॅलसवाले बसले बघत.

खडूस_काकू
अरे देवा. म्हणजे नंबर लागूनही प्रवेश नाही.

गंपूशेठ
आणि नंबर न लागता प्रवेश पण आहे काकू. बेकी हॅमन, १९९९. त्याच्या आधीच्या डिसेंबरात दुसरी व्यावसायिक लीग, एबीएल, बंद पडली होती आणि तिथल्या सगळ्या तयार खेळाडू एकदम ड्राफ्टमध्ये आल्या, कॉलेजच्या मुलींना कोण विचारतो. हॅमनला कोणीच घेतलं नाही. न्यूयॉर्कने कॅम्पला बोलावलं, ती टिकली, सहा वेळा ऑलस्टार झाली (निवडक स्टार खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड), आता लास व्हेगासची कोच म्हणून तीन चॅम्पियनशिप. एरिका व्हीलर पण अनड्राफ्टेड, २०१९ ला ऑलस्टार गेमची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.

नवी_पेठ
बाळ्यादादा, कॅम्पचं खरंय, पण केट मार्टिन कॅम्पमध्ये टिकली हो, रोस्टरवर, म्हणजे टीमच्या पक्क्या यादीत, लागली.

बोस्टनचा_बाळ्या
टिकली, आणि मग डिसेंबरात काय झालं? गोल्डन स्टेट वाल्किरीज नवीन टीम आली, त्यांच्यासाठी एक्स्पान्शन ड्राफ्ट झाला. जुन्या १२ टीमने प्रत्येकी सहा खेळाडू राखायच्या, बाकीच्यांतून नवी टीम प्रत्येकीकडून एक उचलू शकते. व्हेगासने केटला राखलं नाही, गोल्डन स्टेटने उचललं. चला, सामान बांधा. मुलीला विचारलं कोणी? तिचं बरं झालं म्हणा, ती टीम पहिल्याच सीझनमध्ये प्लेऑफला गेली, असं आधी कुठल्याच नव्या टीमला जमलं नव्हतं.

तिसरा_क्वार्टर
ट्रेडचा विषय निघालाच आहे तर माझा सगळ्यात लाडका किस्सा. २०२४ च्या ड्राफ्टच्या आदल्या दिवशी शिकागोने मिनेसोटाकडून ७ वा नंबर घेतला आणि आपला ८ वा दिला. एक पायरी वर. त्या एका पायरीसाठी सिका कोने ही खेळाडू दिली, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा नंबर दिला, आणि वर २०२६ च्या पहिल्या फेरीचा नंबर अदलाबदल करायचा हक्क दिला, म्हणजे तेव्हा दोघांच्या नंबरांपैकी जो वर असेल तो मिनेसोटाचा. बदल्यात एक राखीव खेळाडू आणि ७ वा नंबर. त्यावर शिकागोने एंजल रीस घेतली, रिबाउंडचे (हुकलेला बॉल पकडण्याचे) विक्रम मोडणारी, तेव्हा सगळे म्हणाले वा वा.

आता २०२५ बघा. मिनेसोटा ३४-१० (३४ जिंकले, १० हरले), लीगमधलं सगळ्यात चांगलं रेकॉर्ड. शिकागो १०-३४, तळाला. परवाच्या लॉटरीत शिकागोच्या बॉलला दुसरा नंबर लागला आणि तो गेला मिनेसोटाला! लॉटरी दुबळ्यांसाठी आहे म्हणता म्हणता लीगची सगळ्यात तगडी टीम दुसऱ्या नंबरवर जाऊन बसली. तिसरा नंबर लॉस एंजेलिसचा, तोही त्यांचा नाही, २०२४ लाच सिएटलला देऊन टाकलेला. शिकागोच्या जनरल मॅनेजरला रात्री झोप कशी लागते देव जाणे. पुढच्या वर्षीचा नंबर हा कागदावर काहीच वाटत नाही, म्हणून माणसं उदार होतात.

कृष्णाकाठ_सांगली
मग दोन वर्षांचा नियम, १००० जोड्या, पिंगपाँगचे बॉल, एवढा सगळा खटाटोप कशाला 😂

तिसरा_क्वार्टर
नियम टीमला मुद्दाम हरण्यापासून अडवतो दादा, मूर्खपणापासून नाही अडवत.

जर्सीकर_जग्गू
रच्याकने, २०२५ च्या फेब्रुवारीत तीन टीमचा ट्रेड झाला त्यात २०१५ ची पहिल्या नंबरची ज्युवेल लॉइड सिएटलमधून व्हेगासला गेली, २०१७ ची पहिल्या नंबरची केल्सी प्लम व्हेगासमधून लॉस एंजेलिसला, आणि लॉस एंजेलिसचा दोन नंबर सिएटलला, ज्यावर ती मलोंगा आली. दोन पहिले नंबर आणि एक दुसरा नंबर एकाच कागदावर.

कोथरूडची_अपर्णा
भारतातली कोणी गेलीय का हो आजवर? माझी भाची स्टेट खेळते म्हणून विचारतेय.

तिसरा_क्वार्टर
ड्राफ्टमधून नाही. सगळ्यात जवळ गेली ती केरळची गीतू ॲना जोस, २०११ ला शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन टीमनी तिला ट्रायआउटला बोलावलं होतं. करार नाही झाला. ती तेव्हा पंचविशीत होती, म्हणजे ड्राफ्टचं वय केव्हाच उलटून गेलेलं, सरळ कॅम्पच्या दारातून आत जायचा प्रयत्न होता तो. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन राहिलीय, तुमच्याच गावची. भाचीला खरोखर तिकडे जायचं असेल तर अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप हा सरळ रस्ता, २० व्या वर्षी थेट ड्राफ्टमध्ये नाव यायचं म्हणजे मलोंगासारखं आधीच युरोपात व्यावसायिक खेळत असलं पाहिजे.

युरोपातल्या मुलींची अजून एक गंमत. टीम त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेऊन ठेवतात आणि विसरतात, कारण हक्क टीमकडेच राहतो, घाई काय. बेल्जियमची ज्युली अलेमां २०१६ ला ३३ वी निवडली, प्रत्यक्ष खेळायला आली २०२० ला. जर्मनीची लिओनी फीबिश २०२० ला २२ वी, आली थेट २०२४ ला, तोवर तिचा हक्क हिंडत हिंडत न्यूयॉर्ककडे पोचला होता, आणि आल्या आल्या चॅम्पियन.

मनू_कार्मेल
बापरे, किती माहिती! सगळ्यांना धन्स. कन्येला वाचून दाखवलं तर ती म्हणते शिकागो नको 😀 एक शेवटचं विचारते. लवकर बाहेर पडायचा फॉर्म म्हणालात तो नक्की काय? पेज बेकर्सने २०२४ लाच येता येत असून ती थांबली असं ऐकलं होतं.

जर्सीकर_जग्गू
बरोबर. तिसऱ्या वर्षाची मुलगी त्या वर्षात २२ ची होत असेल तर नाव देऊ शकते, पण मग कॉलेजमध्ये खेळायचा उरलेला हक्क सोडावा लागतो, परत फिरता येत नाही. लॉइड २०१५ ला तशीच आली आणि पहिली निवडली गेली. पूर्वी यायची घाई असायची कारण कॉलेजात एक पैसा मिळायचा नाही. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, जाहिरातीचे पैसे घेता येतात, मग तेव्हाच्या ७६ हजार डॉलरसाठी कोण घाई करणार होतं? बेकर्स थांबली, २०२५ च्या ६ एप्रिलला तिच्या कॉलेजबरोबर, यूकॉनबरोबर, चॅम्पियन झाली, आठ दिवसांनी डॅलसने पहिल्या नंबरला घेतलं. २०२५ ला ओलिव्हिया माइल्स पहिल्या दोन-तीनात जाणार असं सगळे धरून चालले होते, ती ड्राफ्ट सोडून दुसऱ्या कॉलेजात गेली. आता थांबलं की वर्ष फुकट जात नाही आणि कोणती टीम वर आहे तेही बघता येतं. मुलीला टीम निवडायची जी काय थोडी सोय आहे ती एवढीच.

बोस्टनचा_बाळ्या
आणि ती सोयही पहिल्या पाचातल्या मुलीला. २५ व्या नंबरवाली थांबली तर पुढच्या वर्षी ३० वी.

खडूस_काकू
मनू, कन्येला म्हणावं बॉल सोड आणि जनरल मॅनेजर हो, तिथे बरीच जागा दिसतेय.

कोथरूडची_अपर्णा
+१ काकू 😄 टोरंटो आणि पोर्टलंडच्या नव्या टीम २०२६ च्या सीझनला येतायत ना, त्यांचा तो एक्स्पान्शन ड्राफ्ट कधी?

तिसरा_क्वार्टर
नोव्हेंबर २०२५ ला तरी तारीख नाही, खेळाडूंशी नवा करार व्हायचाय. लिस्ट लागली की त्याचा वेगळा धागा काढतो, इथेच लिहिलं तर मनूताईंच्या कन्येचा प्रश्न पान तीनवर जाईल.

गंपूशेठ
काढा काढा. पहिला प्रतिसाद माझा, आत्तापासून बुक.